निकालाच्या आधीचे रोडगे

माय, तुझ्या लेकानं या वर्षी मारुतीला नवसाचे रोडगे आगाऊ दिले. काम व्हायच्या आधी. तू असतीस तर चुलीपुढची फुंकणी उचलून त्याच्या पाठीत घातली असतीस आणि मला बाजूला उभं राहून पाहायचं सुख मिळालं असतं. तू नाहीस, म्हणून सगळं भांडण मला एकटीला करावं लागलं. ते अजून माझ्या पोटात पुरतं जिरलेलं नाही, तेव्हा तुला लिहिते.

तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, म्हणून आधी घरचं सांगते. मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले आणि वाशिमलाच राहिले. तुझे जावई बरे आहेत. पेपर वाचतात, बोलत नाहीत, तू पाहिले होतेस तसेच आहेत. केनवडचं शेत तुझा लेक करतो, सोयाबीन, तूर, थोडा गहू. मला तो अजून ‘बाई’ म्हणतो, पण ताईचं ऐकायचं वय आपलं आता संपलं असं त्याच्या मनानं घेतलंय. तू गेलीस तेव्हा जी पोर तुझी नथ ओढायची, ती त्याची मुलगी आता शेतीची पदवी घेऊन माझ्याकडे राहते आणि गेली चार वर्षं अधिकारी होण्याची परीक्षा देते. सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जाते, संध्याकाळी येते. अभ्यासिका म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीकडे तोंड करून ओळीनं खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या नाकासमोर चिकटवलेला एक कागद: ‘मी होणारच!’ काय होणार ते कोणीच लिहिलेलं नसतं. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा सगळ्या ओळीत शोधलं.

तर झालं असं, की आमच्याकडे एक ‘सर’ येतात. कोणत्या शाळेत शिकवतात असं विचारू नकोस, कोणत्याच नाही. मंगल कार्यालय भाड्यानं घेतात आणि लोकांना यशस्वी करतात. वय तिशीचं, ऐन उन्हात कोट, आणि पात्रता अशी की ही परीक्षा ते स्वतः तीनदा नापास झालेले आहेत. हे ते लपवत नाहीत, उलट सुरुवातच तिथून करतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. मला माझ्या नोकरीत तीनदा नापास झालेला ड्रायव्हर कुणी दिला असता तर मी पायी गेले असते. पण तुझ्या लेकाला लेकीसाठी त्या सभेला जायचं होतं, आणि एकटा गेला तर काय ऐकून येईल या भीतीनं मी सोबत गेले. सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. म्हणाले, आपण त्या पदाच्या खुर्चीत बसलो आहोत असं पाहा. हॉलभर माणसं खुर्चीत बसली. मी डोळे उघडेच ठेवले. मी त्या खुर्चीत खरोखर बसलेली आहे, आणि मला तिच्याबद्दल एवढंच आठवतं की तिचं एक चाक फिरत नव्हतं. मग सर ओरडले, “यश मागू नका! मागतो तो भिकारी! यश मिळालंच आहे असं समजून जगा! पेढे आधी वाटा!” तुझा लेक माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर मी असा उजेड त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

परत येताना चहाला थांबलो, तेव्हा त्यानं जाहीर केलं. लेक पास झाली तर गावच्या मारुतीला रोडगे घालीन, गोवऱ्यांवर कणकेचे गोळे भाजून गावाला जेवू घालीन, असं तो बोललेला होताच. आता ते रोडगे निकालाच्याच दिवशी, पण निकालाच्या आधी घालायचे.

“अरे, मारुतीनं अजून काही केलंच नाही,” मी म्हटलं, “तर फेडतोस काय?”

“म्हनूनच त, बाई! आधी खाऊ घातलं त त्यालेबी लाज वाटन. खाल्ल्यावर कोनी नाई म्हनते का?”

देवाला लाजेत पाडण्यासाठी जेवू घालणारा भक्त मी पहिल्यांदा पाहिला. तलाठ्यांच्या बाबतीत मात्र हा विचार फार जुना आहे.

मला तेव्हा तुझी चूल आठवली. माझी नेमणूक झाली त्या आठवड्यातली. तू भाकरी थापते आहेस, आणि ओट्यावर चौघीजणी बसल्या आहेत, प्रत्येकीचा दावा असा की पोरगी तिच्या नवसामुळे लागली. थोरल्या काकूचा मारुती, मावशीचा नदीकाठचा महादेव, आत्याचे कारंज्याचे दत्तमहाराज, आणि शेजारची म्हातारी, तिला कोणता देव ते नीट आठवत नव्हतं पण नारळ कबूल केल्याचं पक्कं आठवत होतं. चौघींनाही रोडग्यांची पंगत हवी होती आणि ती आपल्याच देवाच्या नावानं हवी होती. मी अभ्यास केला होता, याची आठवण कुणाला नव्हती. तू भाकरी उलटलीस आणि विचारलंस, “अन् ते खालच्या आळीतली पोट्टी? ते बी हिच्यासंगं पेपरले बसली होती. तिच्या मायनं नवस नोता केला का?”

“केलता ना,” काकू म्हणाली, “तिनं त सव्वा मनाचे रोडगे बोलले होते.”

“मंग तिचा देव झोपला होता का?”

“तिचा भाव खरा नसन.”

“भाव कसा मोजला वो तुमी? पायलीनं का शेरानं?”

मी परीक्षेत तर्काचे पुष्कळ प्रश्न सोडवले होते, पण ज्यांचे नवस फळले नाहीत त्यांच्या पंगती कुणी मोजत नाही, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. म्हणून मी तुझ्याकडे मोठ्या भक्तीनं पाहिलं. भक्ती फार वेळ टिकली नाही, कारण त्याच बाईनं परीक्षेच्या दिवशी मी उंबरठ्यात असताना कुणीतरी शिंकलं म्हणून मला परत बसवून पाणी प्यायला लावलं होतं, आणि तेवढ्यात पहिली बस गेली होती. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरनं गाडी अशी हाणली की मी दार बंद होता होता पोचले. तेव्हा माय, सरांच्या सभेत मला कुणी उभं करून विचारलं असतं की मॅडम, तुमच्या यशाचं रहस्य काय, तर खरं उत्तर होतं: दुसऱ्या बसचा ड्रायव्हर. त्याचा सत्कार कुणी केला नाही. चारी देवांचा झाला, कारण तू शेवटी चौघींची एकच पंगत घातलीस आणि म्हणालीस, “देवाइचं देव पाह्यतीन, लोकं त जेवतीन.”

आता या वर्षीचं. तूर निघून गेलेलं मोकळं रान, बांधावर मारुती, आणि गोवऱ्यांचा असा धूर की शिरपूरहून आलेल्या पाहुण्यांनी रस्ता विचारलाच नाही, धुराकडे चालत आले. बाप्ये राखेनं माखले होते आणि एकमेकांना रोडगे कधी उलटायचे ते शिकवत होते. वांग्याच्या भाजीचं एक पातेलं मंडपाच्या डाव्या हाताला, एक उजव्या, कारण दोन आचाऱ्यांचं तिखटावरून पटलं नव्हतं. तुझा लेक नवा सदरा घालून सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारत होता. सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर ते कोटासकट बसले होते. आणि ती पोर, पदर खोचून वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होती. निकाल संध्याकाळपर्यंत लागणार होता, पण गावानं तिला दुपारीच खुर्चीत बसवलं.

“साहेब, थोडं वरन टाका.”

“म्याडम, आमच्या पांदन रस्त्याचं पाहा बरं आता. पावसाळ्यात बैल बसते चिखलात.”

एका मावशीनं तर सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला कागदच आणला होता आणि जेवताना तो मांडीखाली ठेवला होता. पोर सगळ्यांना ‘पाह्यते, पाह्यते’ म्हणत होती. तिचं हसू मी ओळखलं. माझ्या केबिनमध्ये आमदाराचा माणूस आला की मी तसं हसत असे.

दुसरी पंगत अर्ध्यात आली तेव्हा ती माझ्यासमोर वाकली. मला वाढतेय असं लोकांना वाटलं.

“आत्या, यादी लागली.”

“मग?”

“नाव नाई.”

“नीट पाहिलंस?”

“पाह्यलं. खालून वरबी पाह्यलं.”

तिच्या हातात वरणाची अर्धी बादली होती. मला काहीतरी चांगलं सुचायला हवं होतं. मी म्हणाले, “वरण गार होतंय, आधी वाढून घे.” तिनं ओळ पूर्ण केली. बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले, सरांच्या टेबलावरचा माइक उचलला आणि म्हणाली, “निकाल लागला. मी पास नाई झाली. ज्याइचं जेवन राह्यलं, त्याइनं बसून घ्या.”

भाजीच्या दोन्ही आचाऱ्यांनी पळ्या खाली ठेवल्या. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं, अत्यंत योग्य असा प्रश्न विचारला. “मंग रोडगे खाचे का नाई?”

तुझा लेक जिथे होता तिथेच उकिडवा बसला. सर मात्र उठले. त्यांनी माइक घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाले की असं होतं. कुटुंब शंभर टक्के विश्वासात असतं, पण घरात एका जरी व्यक्तीच्या मनात शंका असेल, तरी ती शंका यशाला अडवते. ‘एक व्यक्ती’ म्हणताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्याची गरजही नव्हती. सगळी पंगत माझ्याकडे वळली होती. मी त्या वेळी रोडग्यावर तूप घेत होते.

मी तुपाची वाटी ठेवली. “सर, तुम्ही तीनदा नापास झालात, तेव्हा तुमच्या घरात शंका कुणाला होती?”

“त्या वेळी मॅडम, माझा स्वतःचाच स्वतःवर...”

“म्हणजे पास झालं तर तुमच्या सभेमुळे, आणि नापास झालं तर हिच्या आत्यामुळे. मग तुम्ही चुकायचं कधी?”

“मॅडम, राग मानू नका, तुमची ऊर्जाच निगेटिव्ह आहे.”

“ती पहिल्यापासून तशीच आहे,” तुझे जावई म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते माझ्या बाजूनं होतं की सरांच्या, ते मी अजून विचारलेलं नाही. म्हाताऱ्यानं रोडगे मागितले, पंगत पुढे सुरू झाली, सगळे पोटभर जेवले. मांडीखाली कागद ठेवलेली मावशी जाताना मला म्हणाली, “तुमी रिटायर झाल्या म्हना, पन वळख असनच ना कोनाची?”

तू म्हणशील, झालं ते झालं, यात एवढं पत्र लिहिण्यासारखं काय? ऐक. दोन दिवसांनी तुझा लेक वाशिमला आला, उरलेले रोडगे फडक्यात बांधून. डोळे सुजलेले होते, पण युक्तिवाद तयार होता. म्हणाला, देवानं जेवण तर घेतलं. म्हणजे आता देवाकडे आपलं येणं आहे. पोरीनं परीक्षा सोडली तर ते वसूल कसं होणार? म्हणून तिनं बसत राहायचं. या वर्षी, पुढच्या वर्षी, जोवर देव परतफेड करत नाही तोवर. सर म्हणतात, थांबतो तो हरतो. पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. बापाला तिनं चहा दिला. तो गेल्यावर तुरीच्या डाळीचं ताट घेऊन माझ्यासमोर खाली बसली, खडे वेचायला. सव्वीस वर्षांची पोर. चार वर्षं तिनं एका भिंतीकडे पाहून काढलेली, आणि आणखी किती काढायची ते ठरवायचं होतं.

“आत्या, तूच सांग. तू म्हनशीन ते करीन. तू म्हटलं बस, त बसतो.”

तिच्या बापानं म्हटलेलं तिनं कानाआड केलं असतं. माझं केलं नसतं. मी ‘बस’ म्हटलं असतं तर ती तिशीपर्यंत बसली असती, आणि ‘सोड’ म्हटलं असतं तर पुढे कधीही काही बिनसलं की मनात म्हणाली असती, आत्यानं सोडायला लावलं. मला घाम फुटला. दुष्काळाच्या बैठकीत फुटला नव्हता असा.

तेव्हा मला तुझी बोलणी आठवली. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमधून मी पहिल्या सुट्टीत घरी आले होते. इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये, जगाला शिकवायच्या तयारीनं. दर वाक्याला ‘सिस्टर म्हणतात’. सिस्टर म्हणतात जेवताना बोलू नये, सिस्टर म्हणतात उजव्या कुशीवर झोपावं. तू दोन दिवस ऐकलंस. तिसऱ्या दिवशी मिरच्या कुटता कुटता थांबलीस. “सिस्टर म्हनते, सिस्टर म्हनते! तू काय म्हनतं ते सांग. अन् काहून म्हनतं ते बी सांग. नाईतर उगी राह्य.” मी रडले, मिरचीमुळे असं दाखवलं. पण त्या शाळेत मला घातलंस ते तूच, आणि तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. बाबा शाळेच्या समोरच्या दारानं फादरना भेटायला गेले, आणि तू मागच्या दारानं स्वयंपाकघरात. पोरींच्या ताटातलं वरण बोटानं चाखलंस, भांडी घासणाऱ्या बाईशी गप्पा मारल्यास, आणि बाहेर येऊन म्हणालीस, घाला. पुढचं दार पाहुण्यासाठी असते, घर मांगच्या दारी राह्यते, असं तुझं म्हणणं.

अर्थात तीच रीत तू माझ्या लग्नाच्या वेळीही वापरलीस, त्याचं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. तू यांच्या घराच्या मागे जाऊन आलीस आणि म्हणालीस, मांगचं आंगन आरशावानी, लोकं चांगले हायेत. माय, ते मागचं दार खिळे ठोकून कायमचं बंद केलेलं होतं. मागे कुणी जातच नसे, म्हणून आरशासारखं. सगळा पसारा बाजूच्या बोळात होता, लग्नानंतर तो उपसता उपसता माझी कंबर गेली. तुझी रीत बरोबर, पुरावा चुकीचा, आणि माणूस निघाला चांगला. याला सर ‘यशस्वी निर्णय’ म्हणाले असते आणि त्यावर सभा घेतली असती.

तर मी पोरीला उत्तर दिलं नाही. ताटातली अर्धी डाळ माझ्याकडे ओढली आणि विचारलं, “समजा कुणालाच कळणार नसतं, तर तू परीक्षेला बसली असतीस का?”

“कोनालेच म्हनजे? बाबालेबी नाई?”

“बाबाला नाही, गावाला नाही, मलाही नाही. पास झालीस तरी तुझी तूच.”

तिनं एक खडा बाजूला टाकला. “मंग नाई,” ती म्हणाली.

“मग काय केलं असतंस?”

“तुले हासू येईन.”

मला हसू आलं नाही. शेलूबाजारला शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, तिथे बियाण्याचं काम पाहायला शेतीची पदवी असलेलं माणूस हवं होतं, हे तिला गेल्या पेरणीपासून ठाऊक होतं. विचारणाही झाली होती. अभ्यास चालू आहे म्हणून तिनं नाही म्हटलं. गेल्या जूनमध्ये गावात तिनं घरोघरचं सोयाबीन पेरायच्या आधी तपासून दिलं होतं, कुणाचं उगवणार, कुणाचं नाही. ते सांगताना तिचा आवाज बदलला. ती पाय पसरून बसली, हातवारे करायला लागली, ताटातली डाळ दोनदा सांडली. मी सरकारी सवयीनं उलटतपासणी घेतली. हे नापास झाल्यावर गोड लागायला लागलं की आधीपासून? पास झाली असतीस तर ही कंपनी आठवली असती का? ती म्हणाली, आठवली असती, पन सांगतलं नसतं. हे उत्तर मला आवडलं, कारण ते तिच्या फायद्याचं नव्हतं. मग मी तिला आठवडाभर शेलूबाजारला जाऊन नुसतं पाहून यायला सांगितलं. ती रोज जीपनं गेली आणि आली. आल्यावर आधी वाईट सांगायची: धूळ किती, संडासाला कडी नाही, गोदामवाला बायकांशी तोंड वर करून बोलत नाही आणि खाली करूनही नीट बोलत नाही. वाईट आधी सांगतेय म्हणजे पोरगी स्वतःच्या डोक्यानं पाहतेय, एवढं मला कळलं.

त्या रविवारी तुझा लेक आला. तिनं त्याला स्वतःच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावून एकच प्रश्न विचारला. “मंग रोडगे?”

“नवस कोण बोललं होतं?” मी विचारलं.

“म्या.”

“मग पेपरला तू बस. नवस तुझा, रोडगे तुझे, पेपर तिनं कशाला द्यायचा?”

“बाई, मजाक नोको करू. लोकं काय म्हनतीन? दोन गावं जेवून गेले!”

तेव्हा पोर पुढे झाली. त्याच्यासमोर जमिनीवर बसली, अगदी लहानपणी बसायची तशी. “बाबा, तुमी पेराच्या आधी बियानं वल्ल्या पोत्यात गुंडाळून पाह्यता का नाई?”

“पाह्यतो ना.”

“अन् निम्मंबी नाई उगवलं त?”

“मंग थे कोन पेरते येड्यावानी?”

“मंग मले चार साल झाले काहून पेरून राह्यले?”

तुझा लेक, ज्याला मी पन्नास वर्षांत एकाही वादात हरवू शकले नाही, तो उठून चपला शोधायला लागला. चहा नको म्हणाला. मग घेतला. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “संडासाले कडी आधी लावाले सांगजो.” चार दिवसांनी त्याचा फोन आला. मारुतीकडे जमा असलेले रोडगे त्यानं बोअरला पाणी लागण्यासाठी वर्ग केले होते. मी म्हटलं, देवाच्या दप्तरात अशी तरतूद आहे का? तो म्हणाला, पुजाऱ्याले इचारलं, तो म्हने चालते.

पोर आता शेलूबाजारला जाते. केसात भुसा घेऊन येते, रात्री भूक लागल्यासारखी जेवते, आणि गोदामवाला हल्ली तिला पाहिलं की उभा राहतो म्हणे. मी तिला विचार करायला लावला, तिनं केला, स्वतःच्या कारणानं ठरवलं. माझ्यासारख्या बाईला यापरतं दुसरं काय हवं? असं मी सगळ्यांना सांगते. पण ती रुजू झाली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात दिवसभर भांडी आपटत होते. इतकी, की तुझ्या जावयांनी पेपर खाली ठेवून पाहिलं. ‘तू स्वतः विचार कर’ असं मी मोठ्या थाटात म्हटलं होतं, माय, ते या खात्रीनं की ती विचार करेल आणि परीक्षेला बसेल. विचार करून माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी पोचतं, हे मला दुसऱ्यांच्या घरात चालतं.

काल कुंपणापलीकडून शेजारीणबाईंनी विचारलं, “तुमची भाची काय करते आता?” मी कढीपत्ता तोडत होते. जन्मभर लोकांना पुराव्यानिशी बोला म्हणणारी मी, अगदी सहज म्हणाले, “अभ्यास करून राह्यली.” शेजारीण म्हणाली, होईन, होईन. मी म्हटलं, होईनच. पोर आत केस विंचरत होती, तिला ऐकू गेलं. ती आतूनच इतकी हसली की शेजारणीला वाटलं टीव्ही लागलाय.

हे पत्र तुला पाठवायचा प्रश्नच नाही, तू तर आयुष्यभर आलेलं प्रत्येक पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलंस. आणि हे मी तुला मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, तरी शेवटचं सांगायच्या आधी थांबले असते. आज सकाळी पेपरात नव्या परीक्षेची जाहिरात होती. तुझे जावई पान उलटत होते, मी म्हटलं, थांबा. चष्मा आणला आणि वयाची अट पाहिली. तिचं वय अजून बसतं, माय.